पाच नंबरचा मुलूख

मराठी फौजा १७५८ साली अटकेला पोचल्या तेव्हा छत्रपतींची गादी साताऱ्यात होती. हे वाक्य तिथल्या पोवई नाक्यावर उभं राहून मोठ्याने म्हटलं, तर निदान चार माणसं थांबून त्यात दुरुस्त्या सुचवतात, म्हणून मी ते इथे एकदाच लिहून पुढे जातो. त्यानंतर सुमारे दोनशे चाळीस वर्षांनी पृथ्वीची पुन्हा एकदा वाटणी झाली आणि तिच्यात सातारा, सांगली, अटक आणि अटकेपलीकडचं काबूल ही सगळी मंडळी एकाच मुलखात आली. एकही तलवार उपसली गेली नाही. वाटणी डीव्हीडी नावाच्या तबकडीसाठी होती.

अमेरिका आणि कॅनडाने एक नंबर घेतला. युरोप, जपान आणि आखाताला दोन. कोरियाच्या दक्षिणेकडच्या भागापासून इंडोनेशियापर्यंत तीन. ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण अमेरिकेला चार. चीनला एकट्याला सहा. आणि पाचात आपण: भारत, पाकिस्तान, अफगाणिस्तान, रशिया, मंगोलिया, उत्तर कोरिया आणि आफ्रिका खंडाचा बराचसा भाग. सात नंबर राखीव ठेवला. आठ नंबर दिला विमानांना आणि प्रवासी जहाजांना. सांगलीकर वर्षानुवर्षं विमानतळ मागताहेत, कवलापूरची धावपट्टी तशीच पडून आहे, पण विमानांना मात्र स्वतःचा मुलूख मिळून गेला.

कारण साधं होतं. हॉलिवूडचा सिनेमा आधी अमेरिकेत लागायचा, मग सवडीने बाकीच्या जगात. तिकडे तबकडी दुकानात येईपर्यंत इकडे सिनेमा थिएटरातही पोचलेला नसायचा. तेव्हा एक नंबरची तबकडी पाच नंबरच्या यंत्रात चालू नये, असं कुलूप दोन्हीकडे घालून ठेवलं. म्हणजे आमच्या मामांनी साताऱ्यात बसून थिएटरच्या आधी सिनेमा पाहिला तर हॉलिवूड बुडेल, अशी त्या लोकांना भीती होती. मामांनी शेवटचा सिनेमा थिएटरात कधी पाहिला हे विचारलं असतं तर एवढा खर्च वाचला असता.

पण मामांची गोष्ट नंतर. घराघरातला हा तंटा डीव्हीडीच्या आधीचा आहे आणि त्याची पहिली ठिणगी आमच्याकडे सांगलीला मावशीच्या घरी पडली.

मावशीचा मुलगा वालचंद कॉलेजातून इंजिनिअर होऊन अमेरिकेला गेला आणि न्यू जर्सीत एडिसन नावाच्या गावी राहू लागला. एक्क्याण्णवच्या आसपास त्याच्या मुलाचं बारसं झालं. बारशाची व्हिडिओ कॅसेट आली. मावशीकडे रंगीत टीव्ही होता, भाड्याने व्हीसीआर आणला, आळीतल्या बायका हळदीकुंकवाला याव्यात तशा जमल्या. कॅसेट सुरू झाली. पडद्यावर आडव्या पट्ट्यांचा पाऊस पडू लागला. त्या पट्ट्यांमधून एक पाळणा, बिनरंगाचा, खालून वर निघून जायचा आणि पुन्हा खालून यायचा. सून उजव्या बाजूला फाटत होती. आणि आवाज! बाळ रडलं ते थेट भजनी मंडळातल्या खर्जात.

"आवाज आजोबांवर गेलाय," मावशी कौतुकाने म्हणाली.

आजोबा, म्हणजे काका, वीजखात्यातून निवृत्त झालेले. त्यांनी टीव्हीच्या मागे हात घालून चित्र स्थिर करायचं बटण पिळायला सुरुवात केली. पाळणा कधी वर जायचा, कधी खाली यायचा. बायकांनी तरीसुद्धा गोपाळकृष्णाचं नाव घेऊन हात जोडले. शेवटी कोपऱ्यावरच्या व्हिडिओ लायब्ररीतल्या मुलाला बोलावलं. त्याने डोकावून पाहिलं आणि निदान सांगितलं, "मावशी, एनटीएससी आहे."

"अगोबाई! इतक्या लहान बाळाला?"

हे एनटीएससी म्हणजे काय, हे काकांनी नंतर आम्हाला इतक्या वेळा समजावलं की आता मला ते झोपेतही सांगता येईल. अमेरिकेत वीज सेकंदाला ६० वेळा हेलकावे खाते, आपल्याकडे आणि युरोपात ५० वेळा. सुरुवातीच्या टीव्हींना विजेच्या ठेक्याशी जमवून घ्यावं लागे, नाहीतर चित्रावरून काळे पट्टे सरकत. म्हणून अमेरिकनांनी सेकंदाला ३० चित्रं ठरवली, प्रत्येक चित्रात ५२५ ओळी. पन्नासवाल्यांनी २५ चित्रं घेतली, पण ओळी ६२५. त्यांच्या व्हीसीआरमधला ढोल मिनिटाला १८०० फेरे घेतो, आपला १५००. त्यांची टेप भराभर पळते, आपली सावकाश. तेव्हा तिकडचं बारसं इकडच्या यंत्रात घातलं की पट्टे उमटणार आणि बाळ खर्ज लावणार, यात यंत्राचा दोष नाही.

"आपल्याकडे पन्नास," काका सांगायचे.

"आणि वीज गेल्यावर?" मी.

"तेव्हा दोन्ही पद्धती चालतात."

काकांचा खरा राग निराळ्याच गोष्टीवर होता. पोरगं राहतं एडिसनच्या नावाच्या गावात. त्याच गावातल्या मेन्लो पार्कमध्ये एडिसनने दिव्याचे प्रयोग केले. आणि एडिसन स्वतः तर हेलकावे न खाणाऱ्या विजेचा कट्टर पुरस्कर्ता. "त्याचं ऐकलं असतं तर साठ आणि पन्नास हे भांडणच नव्हतं," असं काका म्हणत. आयुष्यभर खांबांवरच्या तारा सांभाळलेल्या माणसाने असं म्हणणं म्हणजे धर्मांतर करण्यासारखंच होतं, पण नातवासाठी माणूस काय काय करतो.

रंगाचा तर आणखी घोळ. अमेरिकेने १९५३च्या डिसेंबरात आपली रंगीत पद्धत मंजूर केली आणि रंग बसवायला जागा हवी म्हणून सेकंदाला तीस चित्रांची एकोणतीस पूर्णांक सत्त्याण्णव शतांश केली. त्या पद्धतीत वाटेत रंग बदलायचे, माणसं हिरवी पडायची. तिथले इंजिनिअर स्वतःच एनटीएससीचा अर्थ 'तोच रंग दोनदा नाही' असा लावत. मग जर्मनीत टेलिफुंकन कंपनीच्या वाल्टर ब्रुख यांनी युक्ती काढली: एका ओळीत जी चूक होईल, तिची बरोबर उलटी पुढच्या ओळीत करायची, म्हणजे दोन्ही मिळून रंग शुद्ध. ही पाल पद्धत. फ्रेंचांना अमेरिकन पद्धत घेणं जड, म्हणून त्यांनी जर्मनांच्या आधीच आपली सेकाम काढली होती आणि ती रशियाने उचलली. १९६७ साली ब्रिटन, पश्चिम जर्मनी आणि फ्रान्स या तिघांनीही रंगीत प्रक्षेपण सुरू केलं. आपण १९८२च्या एशियाडला रंगीत झालो ते पालमध्ये. एक चूक दुसऱ्या चुकीने दुरुस्त होते, ही पद्धत आपल्या सरकारला का भावली असेल, यावर काका काही बोलत नसत. निवृत्तिवेतन चालू होतं.

पालची एक गंमत मात्र सांगितलीच पाहिजे. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांनी घेतात. पालमध्ये तो २५ने दाखवतात. त्यामुळे तीन तासांचा सिनेमा दूरदर्शनवर सात मिनिटं आधी संपायचा आणि सगळी गाणी जवळजवळ अर्धा सूर चढी ऐकू यायची. आपल्याकडे मधल्या बातम्या, जाहिराती आणि 'व्यत्यय'च्या पाटीमुळे सात मिनिटं कुणाच्या लक्षात येणार? पण मिरज ही तंबोऱ्यांची पेठ. तिथे जन्मभर जवारी काढणारे एक गृहस्थ काकांचे स्नेही होते. ते दर रविवारी सिनेमातलं गाणं लागलं की तोंड वाकडं करायचे, "चढलंय." घरचे समजायचे, यांना नवं काही आवडत नाही. काकांनी चोवीस आणि पंचवीसचं गणित मांडून दाखवलं तेव्हा त्या गृहस्थांच्या डोळ्यांत पाणी आलं. बायकोला हाक मारून ते म्हणाले, "ऐकलंस?"

बारशाची कॅसेट शेवटी मिरजेलाच दिसली. तिथल्या एका डॉक्टरांनी दुबईहून मल्टिसिस्टिम व्हीसीआर आणि टीव्ही आणला होता. खोक्यावर पाल, सेकाम, एनटीएससी अशी तिन्ही नावं सोनेरी अक्षरात. त्या वेळी मिरज जंक्शनही तसंच होतं: पुण्या-कोल्हापूरची ब्रॉडगेज, बेळगाव-लोंढ्याकडची मीटरगेज आणि पंढरपूर-कुर्डुवाडीकडची नॅरोगेज, तिन्ही रूळ एकाच स्टेशनात, आणि एका गाडीतलं ओझं दुसऱ्या गाडीत नेण्यावर कितीतरी हमालांची पोटं. डॉक्टर हे व्हिडिओच्या धंद्यातले मिरज जंक्शन. सांगली, मिरज, जयसिंगपूरपर्यंतची अमेरिकन बाळं त्यांच्या दिवाणखान्यात उतरायची आणि रंगीत होऊन पुढे जायची. प्रत्येक बाळामागे एक भडंगाची पिशवी. डॉक्टरीणबाई सुरुवातीला चहा करायच्या, पुढे फक्त चपला मोजायच्या. आमच्या बाळाचं बारसं मिरजेत जितक्यांनी पाहिलं तितके पाहुणे एडिसनला नक्कीच नव्हते.

मग तबकड्या आल्या. आधी सीडीवरचे सिनेमे, एकात न मावणारे, दुसरी सीडी घालायला उठावं लागायचं आणि हटकून दुसरी आधी लागायची. नंतर डीव्हीडी. २००७ साली मोझर बेअर कंपनीने सिनेमाची सीडी २८ रुपयांत आणि डीव्हीडी ३४ रुपयांत काढली, आणि व्हिडिओ लायब्ररीतला तो मुलगा, आता चाळिशीकडे झुकलेला, शटर ओढून मोबाइलच्या दुकानात गेला. आता सगळं सोपं झालं, असं जो तो म्हणत होता.

खरी मौज आमच्याच सिनेमांची होती. बहुतेक हिंदी सिनेमांच्या डीव्हीडी निघायच्या एनटीएससीत, आणि त्यांना नंबराचं कुलूपही नसायचं. गिऱ्हाईक अमेरिकेत, तेव्हा माल अमेरिकेच्या मापाचा. मुंबईत बनलेला सिनेमा, सांगलीत विकत घेतलेला, पण पद्धत एडिसनची. इथल्या स्वस्तातल्या स्वस्त प्लेअरला दोन्ही पद्धती वाचता यायच्या, त्यामुळे कुणाला काही कळलं नाही. कळलं ते उलट दिशेने.

साताऱ्याच्या मामांनी मुलीचं लग्न केलं. शूटिंगवाल्याने तीन तासांची डीव्हीडी दिली. तिच्यात नवरानवरी बदामातून बाहेर येतात, कमळात बसतात, अक्षता पडताना मागे स्वित्झर्लंडचा धबधबा कोसळतो आणि मामा पंगतीत वाढताना स्लो मोशनमध्ये जिलेबी सोडतात. एक प्रत कंदी पेढ्यांबरोबर एडिसनला गेली. पंधरवड्याने फोन.

"मामा, डिस्क ब्लँक आहे."

"ब्लँक? अरे, तीन तासांचं लग्न आहे त्यात!"

"इथे काहीच दिसत नाही. निळा पडदा येतो."

"तुझं यंत्र बिघडलंय."

यंत्र नवं होतं, महागाचं होतं, आणि अमेरिकन होतं. म्हणजे त्याला पाल नावाची गोष्ट जगात आहे हेच ठाऊक नव्हतं. आमचं दीड-दोन हजारांचं यंत्र दोन्ही पद्धतींनी बोलायचं, आणि त्याच्या कैकपट किमतीचं ते, एकच भाषा येणाऱ्या साहेबासारखं, निळ्या डोळ्यांनी बघत बसलं. मामांना हे फार आवडलं. पुढचे काही महिने "अमेरिकेला आपलं लग्न झेपलं नाही" हे ते येणाऱ्या प्रत्येकाला सांगत. शेवटी भाच्याने ते लग्न लॅपटॉपवर पाहिलं.

भाच्याने परतफेड केली. आमचे आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीतून इटलीत लढलेले, मामा स्वतः सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. तेव्हा त्याने दुसऱ्या महायुद्धावरच्या इंग्रजी माहितीपटांचा मोठा संच मामांना पाठवला. जाड पुठ्ठ्याची पेटी, आत तबकड्यांची फलटण. मामांनी निवृत्तीच्या पैशातून एक नामांकित कंपनीचा प्लेअर घेतला होता, त्यावर मामीचा क्रोशाचा रुमाल होता. मामा गणवेशाच्या इस्त्रीने बसले. तबकडी आत गेली. यंत्राने थोडा विचार केला आणि पडद्यावर इंग्रजीत नम्र सूचना दिली की ही तबकडी तुमच्या विभागात चालवता येत नाही.

मामांनी ती सूचना उभं राहून वाचली. मग ते अंगणात गेले. परत आल्यावर म्हणाले, "बाबा त्रेचाळीस साली इटलीत उतरले. जर्मनांनी तोफा डागल्या, सुरुंग पेरले. पण 'तुम्ही चुकीच्या विभागातून आलात' असं कुणी म्हणालं नाही."

शेजारचा इंजिनिअरिंगचा मुलगा मदतीला आला. त्याच्या कॉम्प्युटरमधल्या ड्राइव्हला नंबर बदलता येत होता, पण फक्त पाच वेळा. पाचव्यांदा जो कराल तो कायमचा. पुढे कुणाच्या बापाला बदलता येत नाही. (हा नियम यंत्रांना लावणारे लोक आपल्या विधानसभेत कधी आले असते, तर बऱ्याच गोष्टी सरळ झाल्या असत्या.) त्या मुलाने आधीच चार बदल खर्ची घातले होते, बहुधा अभ्यासासाठी नव्हेत, आणि उरलेला पाचवा इटलीच्या आघाडीवर उधळायला तो तयार नव्हता.

मग फोन सांगलीला. मावशीकडे चिनी प्लेअर होता. नाव कुणाला वाचता यायचं नाही, रिमोटवरच्या दोन बटणांवर स्पेलिंग चुकलेलं, आणि चालू केला की प्रेशर कुकरसारखा सुस्कारा सोडायचा. पण खायला काहीही घाला: ओरखडे पडलेली, भाजी चिकटलेली, पाल, एनटीएससी, एक नंबर, सहा नंबर. कधी नाही म्हणाला नाही. मामा म्हणाले, "असल्या यंत्राला तत्त्व नसतं." मावशी म्हणाली, "दादा, तू पेटी घेऊन ये."

मामा एसटीने गेले. उंब्रज, कऱ्हाड, पेठ नाका, इस्लामपूर, आष्टा. मांडीवर महायुद्ध. सांगलीला चहा होताच मावशीने पहिली तबकडी लावली, आणि कुकराने एक सुस्कारा सोडून इटली उलगडली. मामा बघत राहिले. मावशी शेजारी गवार मोडत बसली होती. मधेच एका डोंगराच्या उतारावर भारतीय सैनिकांची रांग दिसली आणि दोघांनी एकदमच "थांब, थांब!" केलं. मागे नेऊन, पुढे नेऊन, बराच वेळ त्या रांगेत आजोबांना शोधलं. एकाच्या मिशीवर एकमत होत आलं होतं, पण मामांच्या मते ती टोपी दुसऱ्या पलटणीची होती.

परत जायच्या दिवशी मोबाइलच्या दुकानातला तो जुना लायब्ररीवाला भेटायला आला. त्याने मामांच्या प्लेअरचं नाव विचारलं, खिशातून चिठ्ठी काढून आकडे लिहिले. तबकडीचा ट्रे उघडा ठेवायचा, रिमोटवर हे आकडे दाबायचे, शेवटी शून्य, ट्रे बंद. नंबराचं कुलूप गेलं. कंपनी हे पुस्तिकेत छापत नाही, पण आत सोय करून ठेवते.

मामांनी चिठ्ठी हातात घेतली नाही. "हे नियमात बसत नाही. जगातल्या देशांनी ठरवलेलं आहे."

"तू सही केली होतीस का?" मावशीने विचारलं.

"प्रश्न सहीचा नाही."

"मग आपल्याकडून कोण गेलं होतं वाटणीला?"

मामांना नाव आठवेना. चिठ्ठी मामीकडे गेली. पुढे साताऱ्याला गेल्यावर मी पाहिलं तर क्रोशाच्या रुमालाखालचा तो नामांकित प्लेअर युद्ध बिनबोभाट दाखवत होता. मामा म्हणाले, "आपोआप सुरू झाला. पावसाळ्यात होतं असं."

ब्लू-रेने मग नंबर सोडून अक्षरं धरली. अमेरिकेला ए, युरोपला बी, आपल्याला सी, या वेळी रशियाबरोबर चीनही सोबत. तोवर मात्र लोकांचा उत्साह संपला होता. तबकड्यांना नवीन नोकऱ्या लागल्या. तासगावकडच्या द्राक्षबागांत त्या दोऱ्याला टांगलेल्या दिसतात, पाखरं घाबरावीत म्हणून. मावशीनेही गच्चीवर कबुतरांसाठी काही टांगल्या आहेत. त्यातल्या एकीवर मामांची जिलेबी आहे. कबुतरांना ती झेपत नाही, असं मावशी म्हणते.

आता मामांकडे भिंतीएवढा स्मार्ट टीव्ही आहे. त्याला तबकडी घालायला भोक नाही, नंबर नाही, ओळीबिळी कुणी मोजत नाही. गेल्या दिवाळीत भाच्याने फोनवर सांगितलं, मामा, तोच युद्धाचा संच आता इंटरनेटवर आलाय, रंग चढवून, अगदी स्वच्छ, नाव शोधा आणि बघा. मामांनी नाव शोधलं. पडद्यावर इंग्रजीत नम्र सूचना आली की हा कार्यक्रम तुमच्या देशात उपलब्ध नाही.

मामांनी सांगलीला फोन लावला.

"अगं, ते आकडे लिहिलेली चिठ्ठी होती बघ."

"आहे ना. देवघरातल्या पोथीत ठेवलीय, वहिनीने जपायला दिली होती. सांगू? आधी ट्रे उघड."

"ट्रे नाहीये याला."

मावशी क्षणभर गप्प झाली. मग म्हणाली, "मागे कुठे हात घालून बघ."